फीडपेक्षा थोडी जास्त माघार

टर्निंगमध्ये चिप तुटत नसेल तर प्रोग्रॅमरकडे जाऊ नका, टूलच्या कपाटाकडे जा. हे वाक्य मी भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये इतकी वर्षं बोलत आलो की पोरं माझी नक्कल करायची तेव्हा हेच म्हणायची. इन्सर्ट बदला, फीड वाढवा, कट वाढवा. एवढं करूनही चिप लांबच येत असेल तर मटेरियलला शिव्या द्या, पण चालू कटात टूल थांबवायचं नाही आणि मागे तर मुळीच घ्यायचं नाही. आज माझ्याच मशीनवर असे प्रोग्रॅम चालतात ज्यांत टूल दर दोन मिलिमीटरला मुद्दाम मागे येतं, आणि ते मी स्वतः तपासून पुढे सोडतो. माझं मत कसं बदललं हे लिहायला बसलो, कारण माझ्या जुन्या मताचे कारखानदार मला अजून रोज भेटतात आणि त्यांची कारणं मला तोंडपाठ आहेत.

ती कारणं खोटी नाहीत, हे आधी सांगतो.

चिप का तुटते हे ज्याला कळलं त्याचा इन्सर्टवर विश्वास बसतोच. कापला जाणारा धातू टूलच्या माथ्यावरून वर सरकतो, तिथल्या खाचेत वळतो आणि त्याची गुंडाळी होते. गुंडाळीचं टोक जॉबला किंवा टूलच्या अंगाला टेकलं की तिचं वळण जबरदस्तीनं उलगडायला लागतं. तो ताण धातूला पेलवेनासा झाला की चिप तुटते. जपानचे नाकायामा यांनी १९६० च्या दशकात याचा हिशोब मांडला. त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत: चिप किती जाड आहे आणि तिचं वळण किती बदलतं. जाड पुठ्ठा वाकवला तर मोडतो, कागद नुसता गुंडाळला जातो. चिपची जाडी ठरते फीडवरून, वळण ठरतं इन्सर्टच्या खाचेवरून. मग प्रोग्रॅममध्ये वेगळं काय करायचं राहिलं?

कॅटलॉगमध्ये प्रत्येक खाचेचा नकाशा असतो. आडव्या रेषेवर फीड, उभ्या रेषेवर कटाची खोली, आणि मध्ये एक वेडावाकडा पट्टा. त्या पट्ट्यात राहिलात तर चिप तुटेल, बाहेर गेलात तर आमची जबाबदारी नाही, असं कंपनी सांगत असते. आपल्याकडे हा नकाशा बघायची सवय फारच थोड्या सेटरना आहे. सीएनएमजी १२०४०८ लावायचा, म्हणजे नाकाची त्रिज्या ०.८, त्याला ०.३ चा कट द्यायचा आणि मग ‘चिप तुटत नाही साहेब’ म्हणायचं. अहो, चिप खाचेपर्यंत पोचलीच नाही तर तुटेल कशी? तो सेटर मला तेव्हाही आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. त्याच्या मशीनवर प्रोग्रॅमनं चिप तोडायची वेळच यायला नको. या मुद्द्यावर माझं मत इंचभरही हललेलं नाही.

दुसरं कारण कार्बाइडचं. चावीची खाच असलेला शाफ्ट ज्यानं टर्न केला आहे त्याला ठाऊक आहे की दर फेरीला धार हवेत जाते आणि पुन्हा धातूवर आदळते. तो आवाज ऐकूनच इन्सर्टची कीव येते. सलग कट हे तर टर्निंगचं वैभव. मिलिंगवाल्यांच्या नशिबात नाही ते सुख आपल्याला मिळालं आहे, आणि ते आपणच हातानं तोडायचं?

तिसरं कारण सेकंदांचं. आमच्या धंद्यात ग्राहक सेकंदावर घासाघीस करतो. स्क्रीनवर दिसणारा सायकल टाइम हाच भाव. टूल मागे घेणं म्हणजे हवेत फिरणं आणि हवेचे पैसे कोणी देत नाही. चौथं कारण मी तेव्हा कबूल केलं नसतं. प्रोग्रॅममध्ये चिप तोडणं मला ठिगळासारखं वाटायचं, ज्याला सेटिंग जमत नाही त्यानं मारलेलं.

मग थ्री-सिक्सटीन-एल आलं.

डेअरीच्या पंपाला लागणारे शाफ्ट होते. स्टेनलेसमध्ये गंधक घातलेला ३०३ हा ग्रेड मिळतो आणि त्याची चिप बरीच शहाणी असते. पण त्या गंधकामुळेच तो गंजाला आणि वेल्डिंगला कमी पडतो. दुधाच्या लाइनवर तो कोणी लावू देत नाही आणि ड्रॉइंगवर ३१६ एल लिहिलेलं असेल तर वाद घालायला जागाच नाही. कार्बन ०.०३ टक्क्यांहून कमी, धातू चिवट, ताणला तर आणखी ताणला जाणारा. नाकायामांच्या हिशोबात ‘पेलवेनासा होईपर्यंत’ हा जो टप्पा आहे तो इथे फार लांब असतो. आम्ही स्टेनलेससाठीच्या खाचेचा इन्सर्ट लावला आणि फीड ग्राहकाच्या टॉलरन्सला आणि बारीक शाफ्टच्या थरथरीला झेपेल तेवढं वाढवलं. तरी चिप यायची ती सुतळीसारखी.

त्या चिपची लांबी मी पुढे एकदा कागदावर काढली, ती इथेच सांगून टाकतो. ३० मिलिमीटर व्यास, १५०० आरपीएम, फीड ०.२, कटाची लांबी १८० मिलिमीटर. टूल मिनिटाला ३०० मिलिमीटर सरकतं, म्हणजे एक पास ३६ सेकंदांचा. त्या पासात जॉबच्या ९०० फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीचा घेर साधारण ९४ मिलिमीटर. म्हणजे टूलखालून ८५ मीटर धातू जातो. कापताना चिप जाड होते आणि तेवढी आखूडही होते. निम्मी झाली असं धरलं तरी एका पासात ४० मीटरहून लांब, धारदार, गरम तार तयार होते. तीन पास असतील तर तिप्पट. ही तार चकात जाते, टरेटला गुंडाळते, कूलंटच्या नळीला खेचते, तयार पृष्ठभागावर ओरखडे काढते आणि कधी उलटी फिरून इन्सर्टच्या न कापणाऱ्या धारेवर आदळते. धारेचे टवके तिथे उडालेले दिसले की आम्ही म्हणायचो, ग्रेड मऊ पडतोय.

रात्रपाळीला त्या मशीनवर आमचे मामा असायचे. जुन्नरकडचे, एचएमटीच्या साध्या लेथवर हात बसलेले, निवृत्तीला आलेले. एका रात्री उशिरा शेडमध्ये गेलो तर मामा दाराला टेकून उभे, डोळे काचेवर आणि उजवा हात फीड ओव्हरराइडच्या नॉबवर. नॉब शून्यावर, लगेच शंभरावर, थोड्या वेळानं पुन्हा शून्यावर.

“मामा, नॉबशी काय खेळताय?”

“तोडतोय साहेब. नाही तोडली तर चकात जाते.”

“प्रोग्रॅममध्ये फीड बरोबर दिलंय की.”

“प्रोग्रॅम बरोबरच असेल. चिपला कुठं वाचता येतोय तो?”

साध्या लेथवरचे कारागीर हेच करायचे. फीडच्या लिव्हरवर हात ठेवायचा, चिप लांब व्हायला लागली की फीड क्षणभर सोडायचं, चिप पडली की परत घ्यायचं. मी स्वतः शिकताना हे पाहिलं होतं आणि हाताच्या मशीनची मजबुरी म्हणून विसरूनही गेलो होतो. इथे मी सीएनसी घेतलं होतं, कर्जाचे हप्ते भरत होतो आणि मशीनवरचा माणूस पाळीभर एक हात नॉबला बांधून उभा होता. चिप प्रोग्रॅमनं तोडायची नाही असा माझा नियम होता. ती तुटत होती मामांच्या मनगटानं, माझ्या सायकल टाइमच्या हिशोबात न दिसता.

तरी मी लगेच बदललो नाही. मामांना फक्त सांगितलं, जपून करा.

बदलाला खरी सुरुवात झाली ती आमच्याकडे प्रोग्रॅमिंगला आलेल्या मुलीमुळे. डिप्लोमा करून आलेली, प्रश्न विचारायला न घाबरणारी. ती म्हणाली, “सर, ड्रिलला आपण पेक देतोच, थोडं कापलं की मागे घेतोच. टर्निंगला दिला तर काय बिघडलं?”

मी म्हटलं, “ड्रिल भोकात असतं. चिपला बाहेर यायला वाट नसते.”

“इथं वाट आहे. पण चिप त्या वाटेनं जातेय कुठं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला जास्त लागली. आमच्याकडे सीमेन्स कंट्रोलचं एक मशीन आहे. त्यातल्या रफिंगच्या सायकल-९५ मध्ये डीएएम आणि डीटी असे दोन रकाने असतात. किती अंतर कापल्यावर कट तोडायचा ते पहिल्यात, आणि तिथे किती वेळ थांबायचं ते दुसऱ्यात. दोन्ही आहेतच मुळी चिप तोडण्यासाठी. कंट्रोल बनवणाऱ्यांनी ही सोय रफिंगच्या सायकलमध्ये घालून ठेवली होती आणि मी ते दोन्ही रकाने वर्षानुवर्षं शून्य भरत होतो. ज्याला मी ठिगळ म्हणत होतो ते कापडातच विणलेलं होतं.

पहिला प्रयोग थांबण्याचाच केला. दर दोन मिलिमीटरनंतर एक क्षण थांबायचं. १५०० आरपीएमला एक फेरी ४० मिलिसेकंदांत होते, म्हणून तिनं त्याहून किंचित जास्त ड्वेल दिला. फीड थांबलं की एका फेरीत चिपची जाडी ०.२ वरून शून्यावर येते आणि चिप सुटते. सुटलीही. पण इन्सर्ट आधीपेक्षा लवकर जायला लागला आणि माझा जीव सुखावला. बघ, म्हटलं ना!

खरं कारण वेगळं होतं. थांबलेलं टूल कापत नाही, घासतं. ३१६ एल घासलं की त्याची कातडी कडक होते. पुन्हा फीड सुरू झालं की धारेला आधी ती कातडी कापावी लागते, तीही अगदी पातळ चिपनं. मामांचा नॉबही इतके दिवस हेच करत होता, फक्त मनगटाच्या वेगानं, म्हणजे आणखी सावकाश. एकेका तोडीला टूल कितीतरी फेऱ्या घासत बसायचं. ज्या टूल लाइफला मी ग्रेडची चूक समजत होतो तिचा एक मोठा हिस्सा त्या घासण्यात गेला असणार.

मग थांबायचं सोडलं आणि मागे यायचं धरलं. फानुकवर त्यासाठी जी-७४ तयारच आहे. नावाला ती फेसवरच्या खाचेची आणि पेक ड्रिलिंगची सायकल, पण टूल बाहेरच्या व्यासावर उभं करून झेडची दिशा दिली तर ती टर्निंगही करते. पहिल्या ओळीत आर म्हणजे माघार. ती दिली नाही तर पॅरामीटर ५१३९ मधली घेतली जाते. दुसऱ्या ओळीत क्यू म्हणजे दर वेळी पुढे जायचं अंतर, दशांश चिन्हाशिवाय, दोन मिलिमीटरसाठी क्यू २०००. तिनं माघार ०.१ ठेवली होती, ड्रिलसाठी ठेवतो तशी. चिप कधी तुटायची, कधी नुसती बारीक होऊन पुढे चालू राहायची.

या ०.१ पाशी मी पहिल्यांदा खुर्ची ओढून कागद-पेन्सिल घेतली. फीड ०.२ म्हणजे टूलपुढची न कापलेली पायरी ०.२ ची. टूल ०.१ मागे आलं तरी धार त्या पायरीतच असते. चिप निम्मी पातळ होते आणि पुन्हा जाड व्हायला लागते. ती सुटायची तर माघार फीडपेक्षा जास्त पाहिजे, आणि मशीन जुनं असेल तर वर बॅकलॅशही धरायला हवा. माघार ०.३ केली आणि चिपा पडायला लागल्या. दोन मिलिमीटर म्हणजे दहा फेऱ्या, म्हणजे मीटरभर धातू, म्हणजे अर्ध्या मीटरची चिप. गुंडाळी होऊन ती वीतभरही उरत नाही आणि कूलंटबरोबर खाली जाते.

जी-७४ चा एक दोष आहे. शेवटाला पोचल्यावर टूल त्याच व्यासावरून सुसाट परत येतं आणि तयार अंगावर रेघ ओढतं. रफिंगला चालतं, पण मला ते बघवेना. म्हणून तिनं मॅक्रो लिहिला. एका व्हेरिएबलमध्ये टप्पा, दुसऱ्यात माघार, तिसऱ्यात शेवट, आणि एक व्हाइल लूप. शेवटाला टूल आधी व्यासातून बाहेर निघतं आणि मग परततं. दहा-बारा ओळींचं काम.

आता सेकंदांचा मुद्दा. ०.३ मागे आणि ०.३ पुढे, वेग कमी-जास्त होण्यासकट एका तोडीला एक दशांश सेकंद धरू. १८० मिलिमीटरमध्ये ९० तोडी, म्हणजे ९ सेकंद. ३६ सेकंदांचा पास ४५ चा झाला. स्क्रीन बघून कोटेशन देणारा मी असतो तर हे तिथेच फेटाळलं असतं. पण पूर्वी काही जॉब झाले की मशीन थांबवायचं, दार उघडायचं, हुकानं गुंता ओढायचा, चकात अडकलेला काढायचा, दार लावायचं. दर चौथ्या जॉबला एक मिनिट असं गेलं तरी जॉबमागे १५ सेकंद झाले, आणि ते कुठल्याच स्क्रीनवर नव्हते. शिवाय फिरत्या चकाजवळ हातमोजे घालायचे नाहीत आणि चिपला उघडा हात लावायचा नाही, हे दोन्ही नियम एकदम पाळत तो गुंता काढणं हे काम कोणाच्या वाट्याला यावं असं मला वाटत नाही. कन्व्हेयर जाम व्हायचा तो वेगळाच, आणि टर्निंगचा फुगलेला गुंता बघून भंगारवाला तोंड वाकडं करायचा.

राहिला चावीच्या खाचेचा मुद्दा, धार आदळण्याचा. तो मी सर्वांत शेवटी सोडला आणि सोडताना मला गंमत वाटली. यात नवीन काय चाललंय म्हणून मी वाचायला घेतलं होतं. जपानच्या सिटिझन कंपनीनं आपल्या स्लायडिंग हेड लेथवर एलएफव्ही नावाचं तंत्र आणलं आहे. त्यात टूल पुढे जाता जाता फीडच्या दिशेनं सतत मागेपुढे डोलतं, स्पिंडलच्या फेरीशी ताल धरून. फानुकच्या नव्या कंट्रोलवरही असं डोलणं पर्याय म्हणून घेता येतं. त्याआधी अमेरिकेत ओक रिजचा वाय-१२ कारखाना आणि शार्लटचं विद्यापीठ यांनी हीच लाट टूलच्या मार्गातच, म्हणजे प्रोग्रॅममध्ये घालून चिप तोडली होती. मी लाट कागदावर काढली. एका फेरीत एक पूर्ण डोल बसवला तर काय होतं? प्रत्येक फेरीत टूल मागच्या फेरीच्याच लाटेला समांतर जातं. दोन लाटांमधलं अंतर सगळीकडे फीडइतकंच, त्यामुळे टूल कितीही डोललं तरी चिप अखंड. दोन किंवा तीन डोल बसवले तरी तेच. पण दीड किंवा अडीच बसवले की या फेरीत टूल जिथे पुढे झेपावतं तिथे मागच्या फेरीत ते मागे हटलेलं असतं, आणि पुढच्या अर्ध्या डोलात बरोबर उलटं. डोलाची टोकापासून टोकापर्यंतची झेप फीडइतकी झाली की दोन लाटा एकमेकींना टेकतात, जाडी शून्य होते आणि चिप सुटते. पुन्हा तोच नियम: माघार फीडपेक्षा थोडी जास्त.

त्या आकृतीत मला हवं ते उत्तर होतं. चावीच्या खाचेत धार हवेतून येते आणि पहिल्याच क्षणी पूर्ण जाडीच्या भिंतीवर आदळते. लाटेत जाडी शून्यापासून सुरू होऊन हळूहळू वाढते आणि हळूहळूच शून्यावर जाते. धार धातूवर आदळत नाही, धातूत शिरते. आमच्या पेकमध्ये ते इतकं गुळगुळीत नसतं, पण जात तीच. ‘तुटक कट’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच पोत्यात भरून ठेवल्या होत्या.

मग आम्हीच प्रोग्रॅममध्ये लाट का घालत नाही, असं त्या मुलीनं विचारलंच. १५०० आरपीएमला फेरीत दीड डोल म्हणजे सेकंदाला साडेसदतीस डोल. एकेक लाट आठ तुकड्यांत लिहिली तरी कंट्रोलला सेकंदाला तीनशे ओळी गिळाव्या लागतील, त्याही स्पिंडलशी ताल न सोडता. आमच्या मशीनचा कंट्रोल आणि स्क्रू दोन्ही त्यासाठी नाहीत. आरपीएम पाडून करता येईल, पण मग ती कसरतच. मोठ्या व्यासाला आणि जुन्या मशीनला पेक बरा. ८ मिलिमीटरच्या बारमध्ये मात्र घेरच २५ मिलिमीटरचा असतो, आणि अडीच डोल बसवले तर दर १० मिलिमीटरला तोड, म्हणजे बोटाच्या पेराहूनही लहान चिप. बारीक कामाच्या, रात्री माणसाशिवाय बार फीडरवर चालणाऱ्या मशीनसाठी हे तंत्र सोनं आहे. त्या मशीनची किंमत मला आज परवडत नाही, पण परवडेल त्या दिवशी डोलणारंच घेईन.

कुठे मी अजूनही हे करू देत नाही तेही सांगतो, नाहीतर वाचणारा उद्या ईएन-८ वर पेक देऊन बसेल. ईएन-८, ईएन-२४, २० एमएनसीआर-५ यांवर चिप लांब येत असेल तर आधी तो कॅटलॉगचा नकाशा उघडा. दहातल्या नऊ वेळा कट नाकापेक्षा कमी असतो किंवा फीड घाबरत दिलेलं असतं. कास्ट आयर्नचा तर प्रश्नच नाही, त्याची चिप आपणहून भुगा होते. फिनिश पासवर पेक नाही. प्रत्येक माघारीची कडी अंगावर उठते आणि ती नखाला लागते. रफिंगनंतर फिनिशला मटेरियल ठेवावंच लागतं, आणि त्या पातळ फिनिश कटाची चिप हे वेगळं दुखणं आहे. त्यासाठी ०.४ नाकाचा, फिनिशच्या खाचेचा इन्सर्ट आणि कूलंटचा फवारा बरोबर धारेवर. टेपर आणि त्रिज्यांच्या प्रोफाइलवर मॅक्रो करता येतो, पण तो तपासायला लागणारा वेळ लहान लॉटला परवडत नाही. ज्या मशीनचा बॅकलॅश कोणी मोजलेला नाही त्यावर ०.३ ची माघार स्क्रीनवर ०.३ दिसते, एवढंच. आणि स्टेनलेसवर ड्वेल नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

पण हे प्रकरण फक्त स्टेनलेसचं राहणार नाही असं मला दिसतंय. पितळेचा भुगा पडतो तो त्यातल्या शिशामुळे. युरोपच्या नियमांत विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तांब्याच्या मिश्रधातूंत ४ टक्के आणि मशीनिंगच्या स्टीलमध्ये ०.३५ टक्के शिसं अजून चालतं, तेही सवलत म्हणून. सवलती कायमच्या नसतात. बिनशिशाचं पितळ एकदा टर्न करून बघा, चिप कशी येते ते. मटेरियलनंच चिप तोडून द्यायची हे सुख कमी होत जाणार, आणि इन्सर्टच्या खाचेची धाव कुठेतरी संपते. तिथून पुढे प्रोग्रॅमच.

माझ्या बरोबरीच्या कारखानदारांना एकच विनंती. रात्रपाळीला एकदा न सांगता जा आणि ऑपरेटरचा हात कुठे आहे ते बघा. तो नॉबवर किंवा हुकावर असेल तर तुमच्या कोटेशनमधला सायकल टाइम खोटा आहे.

आमच्या सेटअप शीटवर आता ‘चिप’ असा एक रकाना आहे. त्यात इन्सर्ट, फीड-कट किंवा पेक यांपैकी काहीतरी लिहिल्याशिवाय पहिला जॉब इन्स्पेक्शनला जात नाही. ‘ऑपरेटर बघेल’ असं लिहिलेलं चालत नाही.